वसुलीत मी पहिली आले तेव्हा

ती माझ्यानंतर सहा वर्षांनी नोकरीला लागली, आणि दर तिमाही बैठकीत पहिलं नाव तिचंच. आम्ही दोघी परिवीक्षा अधिकारी. पहिल्या गुन्ह्यात कोर्टाने तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसांवर लक्ष ठेवायचं, आणि ज्याचं नुकसान केलं त्याला ते ठरलेली भरपाई देतात की नाही हे पाहायचं, हे आमचं काम. तिच्याकडे नागभीडच्या बाजूची गावं, म्हणजे रेल्वे, बँका, पक्के रस्ते. माझ्याकडे गडचिरोलीच्या आतली, जिथे दिवसातून एकदा एसटी जाते, तीही गेली तर. तक्ता मात्र दोघींना एकच: हुकूम किती रुपयांचा, कोर्टात जमा किती, टक्के किती.

मी तिला पाण्यात पाहायचे, खोटं कशाला बोलू. तिची नीटनेटकी रजिस्टरं, कडक इस्त्रीची साडी, इतकंच काय, तिचा जेवणाचा डबासुद्धा मला खुपायचा. एका बैठकीत साहेब मला म्हणाले, "त्यांच्याकडून शिका जरा." ती माझ्याकडे बघून हसली. संकोचाने हसली असेल बिचारी, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात मी एका गावात गेले. तिथल्या एकाने बांधाच्या भांडणात शेजाऱ्याचा हात काठीने मोडला होता आणि भरपाईच्या रकान्यात त्याच्यापुढे शून्य होतं. तो सापडला त्या शेजाऱ्याच्याच वावरात, आपल्या बैलजोडीने धानासाठी चिखल करताना. शेजारी हात गळ्यात बांधून बांधावर बसला होता आणि कुठे पाणी जास्त झालंय ते त्याला सांगत होता.

"बाई, याचा हात माह्यानं मोडला, तं याचं वावर मीच करून राह्यलो," तो म्हणाला. "गावात तसंच ठरलं. मंग कोर्टात पैसे काऊन?"

"माहं कायी म्हणणं नाई, बाई," शेजारी म्हणाला.

हे सगळं लिहून कोर्टाला कळवता आलं असतं. माझ्याआधी या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी तसे अहवाल पाठवले होते, फाइलीत मी वाचले होते. पण अहवालाने टक्के वाढत नाहीत आणि अंगमेहनतीला तक्त्यात रकाना नाही. मला तिचं ते हसू आठवलं. मी म्हणाले, "भाऊ, दिवाळीपर्यंत पैसे भरा, नाहीतर जेलात जावं लागेल."

त्याने भरले. कुठून आणले ते मी विचारलं नाही. बाकीच्यांनाही असाच दम दिला, आणि वर्षाच्या शेवटच्या बैठकीत मी पहिली आले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, त्या आतल्या गावांतून एवढी वसुली कशी केलीत? मलाही सांगा ना." तिच्या आवाजात कुसकेपणा शोधून सापडला नाही. मला तर ती जळायला हवी होती. जिंकूनही माझी मीच चरफडत घरी गेले.

पुढच्या पावसाळ्यात तो शेजारी ऑफिसात आला. हात सरळ झालेला नव्हताच. दुसऱ्या हाताने त्याने टेबलावर एक फडकं ठेवलं. त्यात कोर्टातून मिळालेले पैसे होते, एकही नोट न मोडलेले.

"बाई, त्यानं पैशापायी बैलजोडी इकली. सारं गाव रोवण्याले लागलं, अन् आमची दोघाइची वावरं पडून हायेत," तो म्हणाला. "हे घ्या, अन् त्याचे बैल त्याले वापस आणून द्या."

मी त्याला बसा म्हटलं नाही. त्या फडक्याकडे पाहत राहिले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे पैसे परत गेल्याची नोंद झाली तर मी पुन्हा तिच्या खाली जाईन.