मेंबरची सही

"आधी बघतो. मग सही."

हवालदारानं कागद पुढे केला की मेंबर पेन काढायच्या आधी चष्मा डोळ्यांवर चढवत. मग चादरीखालच्या माणसाला सांगत, "बघतो हां." मेलेल्याची परवानगी घेणारा दुसरा पंच मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

नव्वदच्या दशकात मी हायवेजवळच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. अपघात, औषध पिणं, विहिरी. आठवड्याला एखादं मढं यायचंच. पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या लागतात. बहुतेक पंच नाकाला रुमाल लावून झाडाखाली उभे राहत, तिथंच जीपच्या बॉनेटवर सही करत आणि चहाला जात. तुम्हीही पाहिले असतील. मेंबर मात्र नखंसुद्धा बघत.

राजुरीकडच्या एका वाडीतून ते ग्रामपंचायतीवर निवडून येत. कांदा लावत, जुनी लूना चालवत. लोक त्यांना 'मढ्यांचा मेंबर' म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता. "जित्यांना मेंबर लई हायेत," एवढंच म्हणत.

मी एकदा सरळ विचारलं, कशाला करता हे? त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग सांगितलं. धाकटी बहीण लोणीकडे दिली होती, ती विहिरीत गेली. हे तेव्हा बावीस वर्षांचे. पोलिसांनी यांनाच पंच केलं. वडील म्हणाले, अब्रू जाईल, कर सही. यांनी चादर न उचलता केली.

"पाय घसरून, असं लिवलं व्हतं. मी बघितलंच न्हाई, सिस्टर. आता कोन सांगनार?"

साध्या माणसाला पोलीस हाकलतात, मेंबरला पंच म्हणून थांबवून घेतात. म्हणून निवडणूक. एवढंच कारण.

पुढे एकदा त्यांच्याच भावकीतली सून आमच्याकडे आणली. दहा वर्षांचा संसार. पाणी शेंदताना पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं आणि हवालदारानं ते तसंच उतरवलं. मेंबरांचा चुलतभाऊ त्यांना बाजूला घेऊन समजावत होता, महिन्यावर निवडणूक आलीय, भावकीची मतं गेली तर पडशील. पण मेंबर येतानाच ती विहीर बघून आले होते.

"तितं मोटर बसून बारा वर्सं झाली. रहाट न्हाई, दोर न्हाई. वंजळीनं शेंदत व्हती का?"

"आपलीच मान्सं हायेत, राव," चुलतभाऊ म्हणाला.

"हीबी आपलीच हाय."

मग त्यांनी चादर उचलली. मानेवरचे वळ हवालदाराकडून लिहून घेतले, वाचून घेतले आणि सही केली. नवऱ्यावर केस झाली. महिन्याभरानं मेंबर पडले. भावकीनंच पाडले.

नंतर पोलीस त्यांना बोलवेनात. तरी मढं आल्याचं कळलं की ते येत, बाहेरच्या बाकावर बसत आणि झाडाखालच्या पंचांना म्हणत, "आरं, आधी बघा की." काही जण हसत. एखादा खरंच आत येई.

स्वतः गेले ते वयानं, घरात, झोपेत. पंचनाम्याचा प्रश्नच नव्हता. मी पोचले तेव्हा अंघोळीचं पाणी तापत होतं आणि मेंबर तोंडावरून चादर घेऊन पडले होते. त्यांच्या सुनेला म्हटलं, जरा बाजूला हो.

"बघते हां, मेंबर."

नखांत कांद्याच्या वाफ्यातली माती होती. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे खळगे होते. सगळं नीट पाहिलं, मग चादर ओढली.