एवढा माल संपला की

गेल्या नवरात्रात माझी वहिनी गेली. चौकात श्रद्धांजलीचा फलक लावताना तिच्या नावाखाली कंसात ‘खारूताई’ असे लिहावे लागले. नाहीतर कोण गेले, ते महाडच्या बाजाराला कळले नसते. फोटो होता, पण तोही लोकांना ओळखीचा वाटेना. वहिनीला त्यांनी गळ्यापर्यंतच्या काउंटरमागे, वरून लोंबणाऱ्या बॅगांच्या आड पाहिलेले होते.

हे नाव तिला दुकानातल्या मालावरून पडले. दुकान तसे कटलरीचे. बांगड्या, टिकल्या, पिना, रिबिनी. माझ्या भावाने, दादाने, ते आयुष्यभर चालवले आणि तो गेल्यावर वहिनी गल्ल्यावर बसली. मी वरच्या मजल्यावर, कॉलेजच्या नोकरीत आणि पुस्तकांत. त्याच सुमारास मुंबईच्या एका सेल्समनने तिच्या गळ्यात एक खोका मारला. आत गुलाबी खारीचे चित्र असलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. गोल पोट, मिटलेले डोळे, छातीशी धरलेले कसले तरी फळ. कुठल्या तरी परदेशी कार्टूनमधली ही खार. ते कार्टून महाडात तेव्हा कोणी पाहिले नव्हते, आजही पाहिलेले नाही. पण बाटल्या आठवडाभरात संपल्या.

मग डबे आले, बॅगा आल्या, छत्र्या, टॉवेल, की-चेन, उशा, खारीच्या बाहुल्या. आधी मला वाटले, मुलांचे वेड आहे, जाईल. पण कोर्टातले एक वकील स्कूटरच्या किल्लीला खार लावून फिरू लागले. एसटीच्या एका ड्रायव्हरने ती काचेजवळ देवाच्या फोटोशेजारी बसवली. बायकांनी ठरवून टाकले की तिच्या हातात आहे ती सुपारी, म्हणजे खार शुभ. तेव्हापासून रुखवतात खारीच्या टॉवेलांची जोडी मांडायची पद्धत पडली. वहिनी कोणाची चूक सुधारत नसे. “त्यांना सुपारी दिसते ना, मग सुपारीच ती,” म्हणायची.

एकदा पोलादपूरकडचे एक म्हातारे शेतकरी आले. त्यांनी बाहुली उलटी करून पाठ निरखली. “हिच्या पाठीवर रामाची बोटां नाय. मंग खार कसली ही?”

“परदेशातली आहे, बाबा,” वहिनी म्हणाली. “राम तिकडे गेला नव्हता.”

म्हाताऱ्यांनी जरा विचार केला. “बरां हाय. दोन द्या. नातींना काय ठाव!”

ते गेल्यावर ती मला म्हणाली, “वन्सं, तुमच्या कॉलेजात एवढं कोणी तपासून घेतं का हो?” आई गेली, दादा गेला, मला नात्याने हाक मारणारी जगात ती एकटी उरली होती.

वहिनी कशेडी घाटाच्या पायथ्याच्या एका गावातली, भातशेती असलेल्या घरची. लग्न होऊन आली आणि तिची लावणी सुटली, कारण लावणी आषाढात आणि दुकानाचा हंगामही तेव्हाच. शाळा उघडलेल्या, पाऊस लागलेला, छत्र्या-रेनकोटांना गिऱ्हाईक. दादा तिला गणपतीनंतर माहेरी पाठवायचा. तेव्हा भात कमरेइतके झालेले असे. ती बांधावरून बघून यायची. दादा गेल्यावर तिने ठरवले होते, दुकान बंद करायचे, शटर कोणाला तरी भाड्याने द्यायचे आणि पावसाचे चार महिने भावाकडे राहायचे. तिला बाकी काही नको होते. काशी नको, रामेश्वर नको. एक अख्खी लावणी हवी होती.

“एवढा माल संपला की बंद,” असे ती दर वर्षी म्हणायची. विनोद असा की तो संपत होता, म्हणूनच संपत नव्हता. न खपणारा माल असता तर तिने पडेल भावात काढून टाकला असता. पण बाटल्या उरत आणि डबे संपत. डब्याशिवाय बाटली कोणी नेईना, म्हणून ती डबे मागवायची. डब्यांबरोबर तोवर नव्या रंगाच्या बॅगा आलेल्या असत. मग बॅगेच्या रंगाची बाटली हवी. मी एकदा म्हटले, “वहिनी, तू नुसती ‘नाही’ म्हण ना त्या सेल्समनला.” ती हसली. “म्हटलं हो. तो म्हणाला, ताई, तुम्ही नाही म्हटलंत तर समोरचा घेईल, आणि तुमच्या दोन डझन बाटल्या राहतील तशाच. खरंच आहे ते.”

एका वर्षी सावित्रीचे पाणी बाजारात शिरले. दुकान काउंटरच्या वरपर्यंत बुडाले. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघी गाळात उभ्या होतो, आणि वहिनीच्या चेहऱ्यावर मला जे दिसले ते दुःख नव्हते. “झालं. सुटले,” ती हळूच म्हणाली. मग तिने धुण्यासारख्या होत्या त्या बाहुल्या धुतल्या आणि गच्चीवर दोरीला कानांनी टांगल्या. टाकवत नव्हत्या म्हणून, एवढेच. पण रस्त्यावरून त्या दिसल्या. घरेच्या घरे वाहून गेलेली माणसे जिना चढून वर आली. एक बाई म्हणाली, “आमच्या पोरीचं समदं गेलं, खारूताई. ती दुसरं काय मागत नाय. खारच मागते.” दोरी त्या दिवशीच रिकामी झाली. “तुमी बंद नका करू बरं का,” जाताना प्रत्येक जण म्हणत होता. वहिनी मान डोलवत होती. पुढच्या पंधरवड्यात सेल्समनचे खोके पुन्हा आले.

गेल्या वर्षी तिला जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकले आहे. औषधे दिली आणि ओझे उचलू नका म्हणाले. त्यानंतर आठवडाभराने, आषाढातल्या एका सकाळी, ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. “वन्सं, आज शटर उघडत नाही. माझ्याबरोबर चला.” मी चपला घातल्या.

पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. भावाच्या भाताच्या खाचरात गवत माजले होते. “गडी मिळत नाहीत, आक्का,” तो म्हणाला. “दोन वर्षं लावलंच नाही. तू कळवलं तरी असतंस.” पलीकडच्या खाचरात मात्र शेजाऱ्यांची लावणी चालू होती. आठदहा बायका वाकलेल्या. तिकडे वहिनी निघाली, आणि मागून मी नि तिचा भाऊ.

बांधावर पोचतो तोच एका पोरीने मान वर केली. तिच्या अंगात गुलाबी रेनकोट होता आणि टोपीला खारीचे दोन कान. “अगो बाय, खारूताई आली,” ती म्हणाली.

सगळ्या जणी ताठ झाल्या. “नव्या छत्र्या आल्या काय गो ताय?” “तो निळा डबा ठेवा हां माझ्यासाठी.” वहिनीने पदर खोचायला घेतला, तशी एक म्हातारी ओरडली, “तुमी नका उतरू. लुगडां खराब व्हईल.” कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून बांधावर ठेवली. कोणीतरी तिच्या डोक्यावर छत्री धरली. छत्रीवर खार झोपली होती. वहिनी बसली. दुकानात बसायची तशीच, हात मांडीवर ठेवून. त्या वाकून लावत होत्या आणि अधूनमधून वर बघून भाव विचारत होत्या. ती भाव सांगत होती.

मग ती उठली, चपला काढल्या आणि खाचरात उतरली. “आक्का, दम लागेल,” भाऊ म्हणाला. तिने म्हातारीच्या हातातून रोपांची जुडी घेतली. बायकांनी सरकून जागा केली. हात चांगले चालत होते, मला बांधावरूनही ते कळत होते. श्वास चालत नव्हता. हातभर ओळ झाली आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पुन्हा वाकली, पुन्हा उभी राहिली. शेवटी बांधाकडे वळली.

तिची पाठ वळताच रेनकोटवाली पोरगी पुढे सरकली, वहिनीची रोपे उपटली आणि नीट अंतरावर पुन्हा लावली. तिच्या मनात काही वाईट नव्हते. काम होते ते. पण वहिनीने त्याच वेळी मागे वळून पाहिले.

परतीच्या एसटीत ती खिडकीपाशी बसली. तिकिटाची घडी घालत म्हणाली, “बरोबर केलं तिने. वाकडंच लागलं होतं. भात त्यांना खायचाय.”

दुसऱ्या दिवशी शटर वेळेवर उघडले. मी तिची औषधे द्यायला खाली गेले, तेव्हा एक ओळखीची बाई मुलीला घेऊन आली होती. बाटली काढायला वहिनी स्टुलावर चढली, तशी त्या बाईची नजर तिच्या पायांवर गेली. धुऊनही नखांत चिखल राहिला होता.

“हे काय हो, खारूताई?”

“लावणीला गेले होते,” वहिनी म्हणाली, आणि मुलीकडे वळून विचारले, “गुलाबी देऊ की निळी?”