बाटलीवरची खाच

आबा मोटा शिवायचे. पारनेरकडच्या आमच्या शिवारात त्यांच्या हातची मोट नाही अशी विहीर क्वचितच सापडे. कातड्याची वादी दातांत धरून ते अशी ओढायचे की टाका वर्षानुवर्षं ढिला होत नसे. त्याच जबड्यात त्यांना कॅन्सर झाला.

मी तेव्हा नुकता बी.ए. झालो होतो. घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. नगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, आता बरं होणं नाही, निदान दुखू देऊ नका. दर चार तासांनी एक डोस, आणि आधीच कळ आली तर घड्याळ बघत बसू नका. बापाच्या मरणाची बातमी ऐकत होतो, आणि डॉक्टर आपल्याशी इंग्रजीत बोलले याचा मला अभिमान वाटत होता. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

कंपाउंडरनं बाटली दिली तेव्हा आई सोबत होती. बाटलीच्या अंगाला खाचा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली होती. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. समोर लाल अक्षरांत इंग्रजी शब्द होता : विष. अफूचं औषध होतं ते. घरात तो शब्द वाचू शकणारा मी एकटा. मी अर्धीच खाच ओतू लागलो.

हे कुणाला बोललो नाही. आजारही लपवलाच होता. गळू आहे, बसेल, असं गावाला आणि खुद्द आबांनाही सांगून ठेवलं होतं.

अर्ध्या डोसानं कळ तासभर दबायची आणि परत उसळायची. आबा ओरडत नसत. भिंतीकडं तोंड करून मोट शिवायच्या आरीची लाकडी मूठ आवळून धरायचे, नाहीतर उंबऱ्यावरचं ऊन कुठवर सरकलं ते बघायचे. मी विचारलं की म्हणायचे, बरं हाय. जन्म कातड्याच्या वासात गेलेला माणूस, पण जखमेला वास येऊ लागल्यापासून तोंडावर फडकं धरून बोलायचा. कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी औषध ओतत असताना आई जवळ आली. म्हणाली, "कंपाउंडरनं मला बोट लावून दावलं हुतं, हितनं हितपतूर. तू मधीच थांबतोस."

मी तिला म्हणालो, तुला वाचता येत नाही. यावर विष लिहिलंय.

भिंतीकडून आबांचा आवाज आला.

"काय लिवलंय?"

मला पुन्हा सांगावं लागलं.

"इंग्रज चाल्ला म्हनत्यात," आबा थांबत थांबत म्हणाले, "आन तू त्येच्या चिठ्ठीला भेतोस व्हय?" त्यांना हसायचं होतं, पण जबडा हलला तशी कळ आली आणि त्यांनी मूठ आवळली. कळ जाईपर्यंत आम्ही दोघं उभेच. मग ते म्हणाले, "त्या विषानं मी मरंन. आन ह्येनं?"

त्यांनी गालाला बोट लावलं. मी म्हणालो, "आबा, गळू हाय ते."

"हयातभर कातडं हाताळलंय मी. कुजाय लागलेलं मला कळत न्हाई?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मरनाचं भ्या तुला हाय. मला दुखतंय."

मी पूर्ण खाच ओतली. वाटी आईनं त्यांच्या तोंडाला लावली. पुढचा वेळ मी त्यांच्या छातीकडं बघत बसलो. श्वास संथ होत गेला तसा मी श्वास मोजू लागलो. एकदा हाक मारायला उठलोही. आईनं मला दंडाला धरून खाली बसवलं.

आबांची बोटं सैल झाली आणि आरी अंथरुणावर पडली. ऊन उंबऱ्यावरून उतरलं तरी ते झोपलेलेच होते. जागे झाल्यावर फडक्यासाठी त्यांचा हात उशाशी गेला, पण फडकं त्यांनी तोंडावर घेतलं नाही. मला म्हणाले, लांब का बसलास, हिकडं सरक.

मी सरकलो. वास होताच.

त्यानंतर ते दीडेक महिना होते. कळा आल्या, पण तशा आवळलेल्या मुठी पुन्हा दिसल्या नाहीत. ते तीन दिवस मात्र मी दिलेले होते, आणि ते मला परत घेता आले नाहीत. बाटली त्या दुपारपासून आईकडं गेली. दारातल्या उजेडात आई बाटली डोळ्यांसमोर धरायची, खाचेवर अंगठ्याचं नख ठेवायची आणि तिथवर ओतायची.