हुपरीच्या मुलीची तोंडी परीक्षा

कोल्हापुरात मी जीवशास्त्र शिकवायचो, म्हणजे नोट्स सांगायचो. मुलांनी त्या उतरवून घ्यायच्या, घोकायच्या आणि परीक्षेत जशाच्या तशा ओकायच्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला की मी मार्क कापायचो. मला माझी वाक्यं फार आवडत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला हुपरीची एक मुलगी होती, रोज एसटीनं ये-जा करणारी. घरी चांदीच्या पैंजणांचं काम. परीक्षेआधी तिचे वडील मला भेटायला आले.

"सर, फस्ट क्लास पडला तर एमएस्सीला घालतो. न्हायतर पावणं बघून गेल्यात, लग्नाचा बार उडवून टाकतो."

बघू, असं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक माझ्या शेजारी बसले होते. मी तिला विचारलं, जनुकाला कामाला लावणारं प्रथिन, म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, एवढ्या लांबलचक डीएनएत आपली नेमकी जागा कशी शोधतं? माझ्या नोट्समध्ये उत्तर एका ओळीचं होतं. ते आपला विशिष्ट क्रम ओळखून त्याला जोडलं जातं. तिनं ती ओळ बरोबर म्हटली. तिथंच गप्प बसली असती तर सुटली असती.

"पण सर, वळखायच्या आधी तितवर पोचतं कसं? नुसतं तरंगत राहून गावायचं म्हंजे लई येळ लागंल की."

"मग तूच शिकव आम्हाला," मी म्हणालो. परीक्षक हसले आणि मला चेव चढला.

टोमणा तिला कळलाच नाही. ती खरंच शिकवायला लागली. "आमच्यात साखळीतली एकांदी कडी उघडी राहिली तर डोळ्यांनी न्हाय गावत. साखळी कुठंबी धरायची आन् चिमटीतनं सरकवत न्यायची. उघडी कडी आली की बोटाला टोचती. न्हाय गावली तर सोडायची, दुसरीकडं धरायची. प्रथिनबी आधी कुठंबी चिकटत असंल, मग सरकत जात असंल."

मी शिपायाला दार उघडायला सांगितलं. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या मुलांना ऐकू जावं, एवढाच हेतू. "या बाईंना डीएनए म्हणजे पैंजण वाटतं," मी मोठ्यानं म्हणालो. मुलं खिदळली. मग नोट्समधली ओळ मी तिला तीनदा म्हणायला लावली. तिसऱ्या वेळी तिचा आवाज रडवेला झाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तोंडीचे मार्क माझ्या हातात होते. वडिलांचे शब्दही मी विसरलो नव्हतो. तरी हात आखडता घेतला. तिचा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला आणि सुट्टीतच लग्नाची पत्रिका आली. मी गेलो, पंगतीत दोनदा जिलेबी मागून घेतली.

पुढं काही वर्षांनी पुण्यात प्राध्यापकांच्या एका शिबिरात व्याख्यान ऐकलं. प्रथिन डीएनएला कुठंही चिकटतं, थोडं सरकतं, सुटतं, दुसरीकडं पकडतं, असं करत करत आपल्या जागेवर पोचतं, आणि तिथं मात्र घट्ट बसतं. हे काही नवीनही नव्हतं. माझ्या जन्मात मी वाचलं नव्हतं, एवढंच. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की ती मुलगी आता कुणाला सांगायला येणार नाही.

त्या वर्षापासून मी ही गोष्ट पैंजणाच्या साखळीचं उदाहरण देऊन शिकवायला लागलो. उदाहरण माझंच, अशा थाटात. मुलं खूश. सर सोपं करून सांगतात, असं माझं नाव झालं.

मग एका जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी ती येऊन उभी राहिली. अंगानं भरली होती. सोबत धाकटी बहीण, बारावीला चांगले मार्क पडलेली.

"वळखलं का सर?"

मी ओळखलं म्हणालो. तुझं तेव्हाचं उत्तर बरोबर होतं, एवढं एक वाक्य जिभेवर आलं होतं. शेजारी सहकारी बसले होते, मागं रांग होती. मी वाक्य गिळलं आणि फॉर्म पुढं सरकवला.

ती बहिणीकडं वळली. आवाजात राग नव्हता, उनाड पोराला रस्ता नीट बघून ओलांडायला सांगावं तसं तिनं सांगितलं, "ह्यांच्याफुडं नोट्समदी हाय तेवढंच बोलायचं. डोस्कं चालवलंस तर माझ्यावानी घरात बसशील."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली.