चंद्राबाईंची नाडी

चंद्राबाई एका जागी बसत नाहीत. मिरजेच्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्तीनंतर मलकापुरात, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहावर रेक्टर झाल्या. तिथेही दिवसभर जिने चढणं-उतरणं चालूच.

यंदा परीक्षेच्या क्लासने मुलींच्या मनगटावर पट्टे बांधले. ताणाने नाडी वाढली की पट्टा थरथरतो. मुलीने थांबून संथ श्वास घ्यायचा. रेक्टरच्या मोबाइलवर तिच्या नावापुढे लाल खूण उमटते. पालकांनी हट्ट धरला, म्हणून ती खूण त्यांच्या मोबाइलवरही दिसू लागली.

जतचे भाऊसो रानात मेंढरांमागे असले तरी लाल दिसताच फोन लावत. चौथ्यांदा म्हणाले, “बाई, आता लाल दिसलं की पोरीला घिऊन जातो. डॉक्टर न्हाई झाली तर न्हाई.”

त्यांच्या मुलीला, राजनंदिनीला, जायचं नव्हतं. “पेपरचं काय नाही, बाई. पट्टा थरथरला की वाटतं, तिकडं रानात अण्णांना कळलं. मग तो थांबतच नाही.”

रविवारी सराव परीक्षा होती. चंद्राबाईंनी तिचा पट्टा सोडून स्वतःच्या हाताला बांधला. अपघाताचे रुग्ण आले तरी आपली नाडी हलत नसे, याचा त्यांना भरवसा होता.

पेपर सुरू झाला आणि त्या व्हरांड्यात फेऱ्या घालू लागल्या. भाऊसो आत्ता मोबाइल बघत असतील का? विसाव्या मिनिटाला पट्टा थरथरला. बसून श्वास घेतला, उठल्या. पुन्हा थरथरला. फोन वाजला.

“लालच लाल हाय, बाई! मी स्टँडवर आलोय. निघतो.”

“भाऊसो, पट्टा माझ्या हातात आहे.”

“आं?”

“पोरगी पेपर लिहितेय. लाल मी झालेय. तुम्ही तिला न्याल म्हणून.”



“आवं, तुमी तर नर्स न्हवं?”

“होय. मलाच सोसवेना, तर तिचं काय होत असेल? तुमच्या मोबाइलवर ते लाल दिसणं बंद करा.”

“ह्ये समदं इंग्रजीत हाय. कुठं दाबू?”

चंद्राबाईंनी एकेक बटण सांगितलं. दोनदा भाऊसोंनी भलतंच दाबलं, एकदा फोनच कटला. अकरा मिनिटं गेली.

“गेलं,” ते म्हणाले. “आता माघारी जातो. पेपर सुटला की पोरीला फोन करायला सांगा. मी न्हाई करत.”