ई-मेलनं गेलेलं घरपत्रक

मंडळी, आमच्या घरच्या बातम्यांचं पत्रक मी आधी सायक्लोस्टाइल करून, पुढे झेरॉक्स काढून टपालानं पाठवायचो. या महिन्यापासून फक्त ई-मेल.

आज दुपारी नागभीडजवळच्या गावातून मोठ्या बहिणीचा, विमलबाईचा फोन आला. "काऊन रे, पत्रक बंद केलंस का? बाया आंगणात येऊन बसल्या. मी काय वाचून दाखवू?"

मला वाटायचं, ती एकटीच वाचते!

"स्पीकर लाव, मीच वाचतो," म्हटलं. माकडानं जावयाचा चष्मा पळवल्याची बातमी वाचली, तशी मागून एक बाई म्हणाली, "मंग आता त्याले बायको बरी दिसत असन!"

काय हसल्या सगळ्या! इतकी वर्षं लिहिलं, वाचकांचं हसू आज पहिल्यांदा ऐकलं.

विमलबाईची प्रत संध्याकाळीच टपालात टाकली. तुमचं लिहिलेलं कुठल्या अंगणात पोचतं, ठाऊक आहे?