नादारीची यादी

वसुलीवाल्यांच्या नोटिशीत मला आधी दिसायच्या त्या शुद्धलेखनाच्या चुका. 'आपणांस अंतीम सुचना देण्यात येते की' असं लिहिलेलं असायचं. अंतिममधली ति ऱ्हस्व, सूचनेतला सू दीर्घ. दोन्ही नेमके उलटे छापलेले. मी खिशातलं लाल पेन काढून दोन्हींवर खूण करायचो, कागदाची घडी घालायचो आणि तो बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचो. बायको म्हणायची, "त्यांना पैसे द्यायचेत, मार्क नव्हे."

तीस वर्षं डोंबिवलीत माझा छापखाना होता. पावत्या, हँडबिलं सगळंच छापायचो, पण घर चाललं ते लग्नपत्रिकांवर. पत्रिकेत वर-वधूंची नावं बिनचूक येतातच. खरी परीक्षा असते ती खालच्या नावांची. आमच्याकडच्या जुन्या गावकरी मंडळींच्या पत्रिकेत तर काका, मामा, आत्या, त्यांची मुलं, मुलांची मुलं, सगळी नावं पाहिजेत आणि तीही मानाप्रमाणे. एकदा एका मामाचं नाव माझ्या हातून राहिलं. यजमान हजार पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "शेठ, मामा मांडवात येनार नाय म्हंतो." हजार पत्रिका पदरचा कागद घालून पुन्हा छापल्या. तेव्हापासून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. काना-मात्रा चुकली तर लोक माफ करतात, नाव राहिलं तर करत नाहीत.

मग लोक पत्रिका फोनवर पाठवायला लागले. मला ते वेळेवर दिसायला हवं होतं. चुका शोधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःची एवढी मोठी चूक दिसू नये, याचा मला अजून राग येतो. मी उलट कर्ज काढून नवं मशीन घेतलं, छपाई देखणी झाली तर गिऱ्हाईक परत येईल म्हणून. गिऱ्हाईक आलं नाही, हप्ता मात्र येत राहिला. हप्ता भरायला दुसरं कर्ज, त्याचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड, कार्ड भरायला फोनवरची कर्जाची ॲपं. शेवटी बँकेने मशीन उचलून नेलं आणि मशीन गेल्यावरही कर्ज उरलंच.

फोन सकाळी आठच्या ठोक्याला सुरू व्हायचे. आधी 'सर', मग 'काका', मग नुसतं 'ओ'. दोघंजण येऊन आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी बाकावर बसायचे आणि वॉचमनला मोठ्याने विचारायचे, "वो प्रेसवाले अंकल रहते हैं ना, पैसा डुबाके?" बायकोने जिन्यात शेजारणींशी बोलणं सोडलं. मी बेलमधले सेल काढून ठेवले, तर ते दारावर थापा मारू लागले. पहिल्या महिन्यात मी घाबरायचो, दुसऱ्या महिन्यात चिडायचो. त्यानंतर नुसता थकवा उरला. सकाळी उठल्यावरच दिवस संपल्यासारखं वाटायचं. फोन वाजला की मी त्याच्याकडे पाहत बसायचो, थांबला की दुसऱ्याची वाट बघायचो.

ओळखीच्या एकाने ठाण्याच्या एक वकीलबाई सुचवल्या. त्यांचं ऑफिस घोडबंदर रोडला. पहिल्यांदा गेलो त्या दिवशी बस कापूरबावडीच्या अलीकडे जी थांबली ती हलेचना. त्यात एका वसुलीवाल्याचा फोन आला.

"काका, आज कायतरी टाका ना. मला पन टार्गेट आहे."

"मी कोर्टात अर्ज करतोय," मी म्हणालो.

"कसला अर्ज?"

"नादारीचा."

त्याने तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग म्हणाला, "काका, मराठीत बोला ना."

मी हसलो. बसमधल्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. खूप दिवसांनी हसलो होतो, त्यामुळे ते हसण्यासारखं ऐकू आलं की नाही कोण जाणे.

तो शब्द वकीलबाईंनीच फोनवर सांगितला होता. मी त्यांना म्हणालो होतो, "मला दिवाळं काढायचंय." तर म्हणाल्या, "तसं म्हणू नका, काका. अर्ज नादारीचा असतो." त्यांच्या दृष्टीने तो कायद्यातला एक सभ्य शब्द होता. मला मात्र तो ऐकल्याबरोबर शाळेचा फळा दिसला.

आम्ही तेव्हा कल्याणला राहायचो. बाबा आंबिवलीकडे एका कारखान्यात होते. मी सहावीत आणि ताई आठवीत असताना कारखान्यात टाळेबंदी झाली आणि त्या वर्षी आम्हा दोघांची फी माफ व्हावी म्हणून बाबांनी शाळेत नादारीचा अर्ज केला. अर्ज मंजूर झाला आणि नादार विद्यार्थ्यांची टाइप केलेली यादी ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागली. दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेच्या आधी शाळेत गेलो आणि कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने आमची दोन्ही नावं खरवडून काढली. कागद फाटेपर्यंत खरवडली.

माझी अक्कल तेवढीच. यादीत नाव नाही म्हटल्यावर आठवड्याभराने सरांनी माझ्याकडे फी मागितली आणि मला वर्गाबाहेर उभं केलं. ताईला कुणीतरी सांगितलं. ती आली, माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली आणि आमची नावं पुन्हा लिहून घेऊनच बाहेर आली. टाइप केलेल्या यादीखाली निळ्या शाईने लिहिलेली ती दोनच नावं होती. पाणी प्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला ती लांबून दिसायची. मी महिनाभर तिच्याशी बोललो नाही. तिने मात्र आमचं गुपित बाबांना कधी सांगितलं नाही.

वकीलबाई वयाने लहान, पण बोलायला स्वच्छ. त्यांनी समजावलं की अर्जात माझ्याकडे काय आहे ते सगळं लिहायचं आणि मी कुणाकुणाचं देणं लागतो, त्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, रक्कम लिहायची. अर्ज दाखल झाला की प्रत्येकाला कोर्टाची नोटीस जाणार. त्यांनी असंही सांगितलं की या जुन्या कायद्यात कर्ज पाचशे रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो. त्या हिशेबाने मी फारच प्रतिष्ठित नादार होतो.

"नातेवाइकांकडून हातउसने घेतले असतील तर तेही," त्या म्हणाल्या. "आणि काका, आता कुणा एकालाच गुपचूप पैसे परत करू नका. कोर्ट ते रद्द करू शकतं. नाव मुद्दाम गाळलं तर तुमचाच अर्ज अडचणीत येईल. हे सगळं शपथेवर आहे."

मी त्यांना नऊ नावं सांगितली. बँक, फायनान्स कंपनी, दोन कार्डं, तीन ॲपं, कागदाचा व्यापारी, शाईवाला. दहावं सांगितलं नाही.

दहावं नाव ताईचं होतं. दीड वर्षापूर्वी, मशीनचे हप्ते थकले तेव्हा ती शहाडहून आली आणि तिने पिशवीतून रुमालात बांधलेल्या पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. आईच्या पाटल्या. आईने त्या तिला लग्नात घातल्या होत्या आणि आता त्या भाचीच्या लग्नात भाचीच्या हातात जायच्या होत्या. भावोजींना वाटत होतं की त्या लॉकरमध्ये आहेत. "सोडवून दे सावकाश," ती म्हणाली. गहाण ठेवायला म्हणून दिल्या होत्या. मी त्या विकल्या, कारण गहाणाने भागणार नव्हतं. हे मी तिला आठ दिवसांनी सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

भावोजी वाईट नाहीत, पण हिशेबी आणि हट्टी. चार वर्षं स्वतःच्या सख्ख्या भावाशी बोलले नव्हते, कारण काय तर एका सायकलीवरून झालेलं भांडण. भाचीला स्थळं बघत होते. अशा घरी कोर्टाची नोटीस जाणार, पोस्टमन सही मागणार आणि त्यात लिहिलेलं असणार की यांच्या बायकोने भावाला सोनं दिलं आणि भावाने ते बुडवलं. नाव लिहिलं तर ताईचं घर मोडेल, नाही लिहिलं तर शपथ खोटी आणि अर्ज फेटाळला तर पुन्हा ते आठचे फोन, मरेपर्यंत. बायको म्हणाली, "वन्संना विचारा तरी." मला विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती हे मला ठाऊक होतं.

वकीलबाईंनी अर्जाचा कच्चा मसुदा टाइप करून पाठवला. चुका बघून द्या, म्हणाल्या. नऊ नावांची यादी. मी ती तीन आठवडे तपासत होतो. एका पानाला तीन आठवडे! उभ्या आयुष्यात एवढा वेळ मी एकाही पत्रिकेला लावला नव्हता.

एका शनिवारी दुपारी दारावर हलकी थाप पडली. वसुलीवाल्यांची थाप अशी नसते. ताई होती. हातात डाळिंबीच्या उसळीचा डबा.

"बेल काढून टाकलीस की काय?" तिने आत येत विचारलं.

"सेल संपलेत," मी म्हणालो.

"ह्या घरातलं सगळंच संपलंय," असं म्हणून ती टेबलाशी बसली आणि पाणी प्यायली. मग म्हणाली, "परवा आमच्याकडे फोन आलेला. तुझ्या त्या ॲपवाल्यांचा. तुझ्या फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे आहेत म्हणे. ह्यांनीच उचलला."

मी विचारलं, "काय म्हणाले ते?"

"ह्यांना म्हणाले, तुझा मेव्हणा चोर आहे. हे म्हणाले, चोर नाही, मूर्ख आहे, आणि ठेवला फोन." ती जराशी हसली. "आणि हे काय?"

मसुदा टेबलावरच होता. तिने चष्मा चढवला आणि वाचायला लागली. मी तो ओढून घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, पण तिचे हात थांबलेले होते. ताईने अर्जावरचा मथळा वाचला, खाली आली, एकेका नावावरून बोट फिरवत शेवटापर्यंत गेली. मग पुन्हा पहिल्यापासून.

"नादारीची यादी," ती म्हणाली. "ह्यात मी नाही."

मी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"या वेळी कर्कटक कुठून आणलंस?"

मी रडलो. साठीला आलेला माणूस, बायकोसमोर, बहिणीसमोर, उसळीच्या डब्यावर डोकं टेकून. मला वाटलं होतं ती ते विसरली असेल. पन्नास वर्षांत आम्ही दोघांनी त्याचा एकदाही उल्लेख केला नव्हता.

तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "पेन दे."

"ताई, भावोजींना नोटीस..."

"ह्यांना मी काल सांगितलं. पाटल्यांचं." तिने कागद स्वतःकडे वळवला. "फोन आला तेव्हाच ठरवलेलं. बाहेरच्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं."

"मग?"

"मग काय? बोलत नाहीयेत. पुढ्यात ताट ठेवलं की जेवतात, उठून जातात. पोरीने विचारलं तर तिच्याशीपण बोलले नाहीत." हे तिने साध्या आवाजात सांगितलं, पण बोलताना ती चष्म्याची काडी उगाच दुमडत होती. "बोलतील कधीतरी. त्या भावाशी बोलायला चार वर्षं लावलेली. माझ्याशी तेवढी नाही लावायचे. पेन दे म्हटलं ना."

माझ्या खिशात लाल पेनच होतं. तिने ते घेतलं आणि बँकेच्या नावाच्याही वर, जिथे अर्धा इंच जागा होती तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

"खाली लिही ना," मी म्हणालो. "खाली जागा आहे."

"वडीलधारी आधी. पत्रिका छापणाऱ्याला हे मी सांगायचं?"

तिने शहाडचा पूर्ण पत्ता लिहिला, पिनकोडसकट. रक्कम लिहायच्या रकान्यात लिहिलं, 'आईच्या पाटल्या, चार तोळे.'

"इथे रुपये लिहायचे असतात, ताई."

"मी तुला रुपये कुठे दिलेले?" असं म्हणून तिने पेनाला टोपण लावलं आणि बायकोला उसळ गरम करायला सांगितलं.

सोमवारी मी तो कागद घेऊन घोडबंदरला गेलो. वकीलबाईंनी यादी वाचली आणि वरची लाल ओळ पाहून माझ्याकडे बघितलं. नऊच्या जागी दहा कशी, हे त्यांनी विचारलं नाही.

"काका, हे तोळे रुपयांत करून घ्यावे लागतील. आणि नाव खाली, दहाव्या नंबरवर टाकते."

"तोळ्यांचं करा काय ते," मी म्हणालो. "नाव पहिलंच राहू द्या."